‘काल नोवु’ : ज्येष्ठ निवासातल्या एका आजींचं प्रकरण

आमच्या रात्रपाळीच्या वहीत ११ जुलै २०२४ च्या पानावर कन्नडमध्ये एक ओळ आहे. तिचा मराठी अर्थ असा : ‘खोली सात. काल नोवु. खोबरेल कोमट करून चोळलं.’ कन्नडमध्ये ‘कालु’ म्हणजे पाय आणि ‘नोवु’ म्हणजे दुखणं. सकाळच्या नर्सनं ती ओळ वाचून संगणकात ‘लेग पेन’ असं भरलं. नऊच्या बैठकीत मी ते वाचलं, ‘पावसात सांधे धरतातच’ म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे वळले.

खोली सातमधल्या आजी म्हणाल्या होत्या ते एवढंच : “काल पडलो की मी.”

हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण ती ओळ. मी बेळगावातल्या एका ज्येष्ठ निवासात समन्वयक म्हणून काम करते. संस्थेचं नाव, आजींचं गाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. कुटुंबाला हे लिखाण वाचून दाखवलं आहे. आजींनाही वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. ती योग्य जागी येईलच.

आजी कोण

वय ७९. तालुक्याच्या पश्चिमेच्या मराठी पट्ट्यातल्या. घरी भात आणि रताळ्याची शेती. चाळीसेक वर्षं डोक्यावरून आणि नंतर टेम्पोतून भाजी आणून बेळगावच्या बाजारात विकली. शाळेत गेल्या नाहीत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी चंदगड तालुक्यात दिलेली. म्हणजे मुलगी राज्याच्या हद्दीपलीकडे असली तरी एका तासाच्या अंतरावर आणि मुलगा आठ तासांवर. आमच्या करारावर जबाबदार नातेवाईक म्हणून सही मुलाची. मुलीचं नाव ‘भेटीला येणारे’ या रकान्यात. हा फरक मला तेव्हा कारकुनी वाटला होता.

१४ जूनला, मृगाचा पाऊस लागल्यावर, त्या आमच्याकडे आल्या. सोबत एक पत्र्याची पेटी, देवीचा टाक आणि रक्तदाबाची एक गोळी. गोळीत दोन औषधं एकत्र होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड. दुसरं औषध लघवी वाढवणारं. कित्येकांना ते वर्षानुवर्षं निर्धोक चालतं. पण वयस्क बायकांत, विशेषतः जेवण कमी झालं की, रक्तातलं सोडियम खाली आणणाऱ्या औषधांत त्याचा नंबर वरचा लागतो. हे आमच्या भेट देणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं, नर्सला माहीत होतं. सोडियम मात्र कुणी तपासलं नाही, कारण प्रवेशाच्या तपासण्यांच्या यादीत ते नव्हतंच.

पहिले पाच आठवडे

आमच्याकडे दिवसा मराठी बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. स्वयंपाकी मराठी, मी शहापूरची, माळीकाका अनगोळचे. रात्री आठनंतर चित्र बदलतं. रात्रपाळीला गावातल्या मराठी बायका मिळत नाहीत. घरी सासू-सुना, मुलं, आणि परतायला वाहन नाही. रात्री असतात त्या बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक बाजूच्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या बायका. कामाला चोख. खोली सातवर ज्यांची पाळी असायची त्यांना सगळे मावशी म्हणतात. सौंदत्तीजवळच्या. मराठी त्यांना टीव्हीवरून येईल तेवढीच.

आजींना कन्नड येत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. “एष्टु?” म्हटलं की भाव सांगायचा, ओंदु-एरडु-मूरु मोजायचं, गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की “साकु” म्हणायचं, हे त्यांना झोपेतही जमेल. वांग्याचा दर सांगायची कन्नड त्यांच्याकडे होती. रात्री दोन वाजता परक्या बाईला ‘मला लघवीला न्या’ म्हणायची नव्हती.

आणि आमची सोय अशी होती की पलंगाजवळचं बटण दाबलं की भिंतीवरच्या पेटीतून आवाज यायचा, “एन बेकरी?” काय पाहिजे? आजींना प्रश्न कळायचा. त्या पेटीकडे बघत बसायच्या. दोनदा-तीनदा हे झाल्यावर त्यांनी बटण दाबणं सोडलं आणि आपला उपाय काढला : दुपारी चारनंतर पाणी बंद. चहासुद्धा अर्धा. रात्री उठायलाच नको.

आमच्या इमारतीत न घसरणाऱ्या फरशा आहेत, न्हाणीघरात आधाराचे दांडे आहेत, धोक्याची घंटा आहे. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ साली निवृत्तिगृहांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतली अशी बरीच कलमं आम्ही माहितीपत्रकात मिरवतो. कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा, उंच. आजी जन्मभर उकिडव्या बसलेल्या. दिवसा त्या कमोडवर बसायचं तंत्र त्यांनी शिकून घेतलं. रात्री, अर्ध्या झोपेत, जमत नव्हतं.

जेवणही आटत गेलं. सांबार-इडली त्यांनी चार दिवस कौतुकानं खाल्ली, मग ताट परत यायला लागलं. स्वयंपाकी म्हणाला, “आजी नखरे करतात.” मी विचारलं तर म्हणायच्या, “भूक नाही गं.” मी वहीत ‘रुळत आहेत’ असं लिहिलं. दर आठवड्याला तेच. आज ती पानं चाळताना लाज वाटते, कारण ‘रुळत आहेत’ हे आम्ही ज्यांच्याकडे नीट पाहिलेलं नसतं त्यांच्याबद्दल लिहितो.

जुलैत पाऊस वेड्यासारखा लागला. चंदगडकडची एसटी कधी येई कधी न येई, त्यामुळे दर रविवारी येणारी मुलगी सलग तीन रविवार आलीच नाही. त्याच काळात आजींचं वागणं बदललं. दुपारी गुंगल्यासारख्या, हाक मारली की उशिरा वळायच्या, रात्री जाग्या. एकदा पेटी उघडून सगळे कपडे पलंगावर मांडून बसल्या होत्या, ‘बाजार उठायच्या आत निघायचंय’ म्हणून. ११ जुलैची ती तेल लावल्याची नोंद यातलीच. १३ तारखेपासून झोपेसाठी क्लोनाझेपामची अर्धी मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. ती फोनवरून ठरली, आणि मुलानंही फोनवरूनच होकार दिला.

३० पैकी १४

१९ जुलैला बाहेरून येणाऱ्या मानसतज्ज्ञांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली. नेहमीचीच, १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन यांनी बसवलेली तीस गुणांची. २४ च्या खाली गेलं की शंका घ्यायची असा साधारण रिवाज. तज्ज्ञांना कन्नड आणि हिंदी येत होती. त्यांनी हिंदी निवडली, मराठीला जवळची म्हणून.

मी खोलीत होते. उत्तरं मला आठवतात, कारण तेव्हा काही उत्तरांवर मीही हसले होते.

आज तारीख काय? “एकादशी परवा झाली.” शून्य. महिना? “आषाढ.” शून्य. आषाढी एकादशी १७ जुलैला झाली होती, तेव्हा परवाच झाली होती. रकान्यात मात्र १९ आणि जुलै हवे होते.

सौ में से सात घटाइए. आजी गप्प. पाच गुण गेले. वाचा, लिहा, चित्र उतरवा : तीन गुण, जे शाळेत न गेलेल्या माणसाला कुठल्याच भाषेत मिळणार नव्हते. हिंदी वाक्य ऐकून तसंच म्हणा, तोही एक गेला.

आपण कोणत्या राज्यात आहोत? आजी म्हणाल्या, “महाराष्ट्र.” शून्य, आणि समासात ‘स्थळाचं भान नाही’.

बेळगावात राहणाऱ्या माणसाला इथे थोडं थांबावं लागतं. आजी जन्मल्या तेव्हा हे गाव मुंबई इलाख्यात होतं. त्या अकरा वर्षांच्या असताना, १ नोव्हेंबर १९५६ ला, ते म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. आजींच्या घरात, गल्लीत, दर निवडणुकीत या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं जातं. ते बरोबर की चूक हा माझा विषय नाही. पण ते उत्तर देणारी बाई भान हरपलेली आहे असा अर्थ काढायचा, तर आमच्या निम्म्या मराठी रहिवाशांना कुलूपबंद कक्षात हलवावं लागेल.

कुलूपबंद कक्षाचं मी उगाच म्हणत नाही. १४ गुण पडल्यावर २२ जुलैच्या बैठकीत आजींना स्मृतिभ्रंश कक्षात हलवायची शिफारस झाली. तिथलं दार आतून उघडत नाही आणि महिन्याचा आकार जास्त आहे. मुलानं वाढीव आगाऊ रक्कम भरली. शिफारशीखाली चार सह्या आहेत, त्यांतली एक माझी.

सगळाच दोष चाचणीचा होता असंही नाही. तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, तेव्हा आजींना एकच आठवला. तो दोष भाषेचा नव्हता. त्या दिवशी त्यांचं लक्ष टिकत नव्हतं, हे डोळ्यांना दिसत होतं. पण महिनाभरात, तेही दिवसातून चढउतार होत, आलेला गोंधळ पाहिला की आधी शारीरिक कारण शोधायचं असतं. वैद्यकात याला डिलीरियम म्हणतात, आपल्याकडे भ्रम म्हणतात. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प, पेंगुळलेला भ्रम वृद्धांत सर्रास आढळतो आणि सर्रास निसटतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी चढत जातो. १४ जूनला स्वतःच्या पेटीची किल्ली कनवटीला लावून आलेली बाई पाच आठवड्यांत इतकी खचली, हे कुणालाच विचित्र वाटलं नाही.

२६ जुलैची रात्र

पहाटे तीनच्या सुमाराला आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या. कपाळाला खोक पडली, चार टाके. मावशींनी आवाज ऐकून धाव घेतली, स्वतःच्या पदरानं जखम दाबून धरली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना हलू दिलं नाही. त्या रात्री जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं.

तातडीच्या विभागात रक्त तपासलं. सोडियम १२१. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. लघवीत जंतुसंसर्गही होता. डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, ते नशीब. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाबाची ती जोडगोळी आणि झोपेची गोळी, दोन्ही त्याच दिवशी बंद केली. सोडियम झटपट वर आणता येत नाही. चोवीस तासांत आठ-दहाच्या वर उडी मारली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून थेंबाथेंबानं, पाच दिवस.

रविवारी, २८ तारखेला, मुलगी पोचली. आजी तोवर बऱ्याच शुद्धीत होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मुलीनं विचारलं, “आई, अगं पडलीस कशी?”

“कितव्यांदा म्हणतीस?”

“म्हणजे?”

“हे दुसऱ्यांदा. पहिलं न्हाणीतच पडलो. त्या बाईला सांगितलं मी काल पडलो म्हणून. तर तिनं पायाला तेल लावलं.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला कळायला दोन-तीन सेकंद लागले. मग ती वहीतली ओळ डोळ्यांपुढे आली. काल. कालु. मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत, आणि इंग्रजीतून माझ्या डोळ्यांसमोर. तीन जणींच्या हातून गेलेलं वाक्य, आणि प्रत्येकीनं आपापलं काम प्रामाणिकपणे केलेलं. पहिल्या पडण्याची नोंद झाली असती तर नियमाप्रमाणे रक्तदाब उभ्यानं-आडव्यानं पाहिला गेला असता, रक्त गेलं असतं, आणि पडणाऱ्या माणसाला झोपेची गोळी देताना कुणीतरी अडवलं असतं.

दुपारी चारनंतर पाणी बंद केल्याचंही त्याच दिवशी, मुलीलाच, सांगितलं.

मावशींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या आधी म्हणाल्या, “म्हणजे पायाला काही झालंच नव्हतं?” नव्हतं. “मग चार रात्री तेल लावून का घेतलं? बेड म्हणायचं की.” बेड म्हणजे कन्नडमध्ये नको. मी तो प्रश्न आजींपर्यंत नेला. आजी म्हणाल्या, “बरं वाटत होतं.”

(आजींची दुरुस्ती इथली. चार नव्हे, पाच रात्री.)

परत आल्यावर

३१ जुलैला सोडियम १३३ वर आल्यावर त्या परतल्या. स्मृतिभ्रंश कक्षाची शिफारस मी लेखी मागे घ्यायला लावली. सोपं गेलं नाही. एकदा फाइलला शिक्का बसला की तो पुसायला नवं कारण द्यावं लागतं, बसवायला मात्र लागलं नव्हतं. मुलाची आगाऊ रक्कम पुढच्या बिलांत वळती व्हायला सप्टेंबर उजाडला.

पहिला बदल भिंतीवरच्या पेटीचा. बटण दाबलं की आवाज येणं बंद, माणूस येणं सुरू. काय पाहिजे ते दारात उभं राहून, चेहरा बघून कळतं. पलंगाशेजारी रात्रीपुरती कमोडची खुर्ची ठेवली. आजींना ती पसंत नव्हती. “माणूस झोपतो तिथं?” असं म्हणून त्यांनी आठवडाभर तिच्यावर साडी पांघरून ठेवली. मग वापरू लागल्या. पाण्याचा तक्ता केला, पण सकाळकडे झुकवलेला. संध्याकाळी सहापर्यंत दीड लिटर, त्यात ताक आणि नाचणीची आंबील धरून. आंबील आली तशी भूकही आली. रात्री सांबाराऐवजी आमटी-भात किंवा जोंधळ्याची भाकरी. ती भाकरी मावशीही खातात, त्या तिला जोळद रोट्टी म्हणतात.

वहीचा नियम बदलला. रहिवासी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, हवं त्या लिपीत, आधी लिहायचं. अर्थ शेजारच्या रकान्यात. आणि ‘काल’ ऐकलं की वार विचारायचा. संगणकात भरणाऱ्या नर्सनं दोन्ही रकाने पाहायचे. तोट्या, खाटा, अलार्म यांवर खर्च केलेल्या इमारतीत या रकान्यासाठी लागली ती एक पट्टी आणि पेन.

फसलेलंही सांगते. प्रत्येक खोलीत मराठी-कन्नड शब्दांचा तक्ता लावला : दुखणं, चक्कर, पडणं, लघवी, तहान. छान लॅमिनेट केलेला. एकानंही त्याच्याकडे पाहिलं नाही. रात्री दोनला चष्मा शोधून तक्ता कोण वाचणार? मराठी बोलणारी रात्रपाळीची बाई मिळवायचा प्रयत्नही फसला. दोघी आल्या, दोघी महिन्याच्या आत गेल्या.

तक्त्याचं काम शेवटी टाकानं केलं. एका मंगळवारी रात्री आजींनी पेटीतून देवीचा टाक काढून पुसायला घेतला होता. मावशी औषध द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. सौंदत्तीची यल्लम्मा. आजींची रेणुका. देवी तीच. आजी माघातल्या पुनवेला बैलगाडीनं डोंगरावर गेलेल्या, मावशींचं माहेर त्या वाटेवर. “उधो” म्हणायला दोघींना भाषांतर लागलं नाही. त्यानंतर त्या दोघींची एक भाषा तयार झाली आहे. त्यात नाम कन्नड, क्रियापद मराठी, आणि बाकी हातवारे. मला ती नीट कळत नाही. मावशी आता “आजी, नीर पी” म्हणतात आणि आजी पितात.

२३ ऑगस्टला चाचणी पुन्हा घेतली, मराठीत. त्याच तज्ज्ञांनी घेतली, मी शेजारी बसून भाषांतर केलं. सूचना त्यांचीच होती, हे आवर्जून लिहिते. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या वृद्धांसाठी अशा चाचण्या बदलून घेतात. हरियाणातल्या बल्लभगडच्या लोकांसाठी १९९५ मध्ये हिंदीत तसा पाठ तयार झाला होता. त्या धर्तीवर आम्ही काही प्रश्न फिरवले. महिना मराठी चालेल, तिथी चालेल. शंभरातून सातच्या ऐवजी : शंभराची नोट दिली, सात रुपयांची कोथिंबीर घेतली, किती परत? पुन्हा सातची घेतली? आजींनी चार वेळा खटाखट सांगितलं. पाचव्यांदा म्हणाल्या, “एवढी कोथिंबीर कशाला पाहिजे तुला?”

राज्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तज्ज्ञांकडे. “कागदावर कर्नाटक. मागं चुकलं म्हणून हा वनवास झाला म्हणे. लिहा कर्नाटक.” तज्ज्ञांनी गुण दिला आणि उत्तर अवतरणचिन्हात लिहिलं.

एकूण २३. उरलेल्या सातांतले तीन अक्षरांचे, ते कधीच येणार नव्हते. एक कोथिंबिरीचा, एक सालाचा. पण तीन शब्दांतला आठवला तो एकच, जुलैत होता तसाच. दुखणं बरं झालं म्हणून हे पुसलं जात नाही. आजींना स्मृतीची थोडी घट आहे, ती वाढेल की नाही ते सहा महिन्यांनी परत पाहिल्यावर कळेल. मुलाला मी हे फोनवर तसंच सांगितलं. तो विचारत होता, “म्हणजे डिमेन्शिया आहे की नाही?” त्याला एका शब्दात उत्तर हवं होतं. मी दिलं नाही. करारावर मुलीचं नावही जबाबदार नातेवाईक म्हणून घालावं असं मात्र त्याला सुचवलं. पंधरा दिवस विचार करून त्यानं कबूल केलं.

६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, मुलगी जीप घेऊन आली. आजी, पेटी, आणि साडीत गुंडाळलेली कमोडची खुर्ची. गौरी जेवून, विसर्जन करून १३ तारखेला परतल्या. सात दिवसांचा पाण्याचा तक्ता कोराच होता. मुलीनं विचारलं, “लिहायचं राहिलं, आता काय करायचं?” १६ तारखेला रक्त घेतलं. सोडियम १३७.